कूलर लावला, पण हवा बाहेर कुठून जाते?

वैशाख लागला की बीड, माजलगाव, परळीकडं पारा 40 अंशांच्या वर जातो. बुद्धपौर्णिमेला पाहुणे येतात, एका खोलीत आठ-दहा माणसं झोपतात आणि वर पत्रा तापलेला असतो. उसनवारी करून कूलर आणला जातो. सुरुवातीला बरं वाटतं. मग अंग चिकचिकतं, अंथरूण दमट लागतं, म्हाताऱ्या माणसाला कोंडल्यासारखं होतं. दोष बहुतेक वेळा कूलरचा नसतो. गारवा बाहेर जाईल म्हणून आपण दार-खिडक्या गच्च लावून घेतो, तिथंच घोटाळा होतो.

कूलर म्हणजे एसी नव्हे. एसी खोलीतलीच हवा फिरवून थंड करतो, म्हणून त्याला बंद खोली लागते. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून आत ओढतो. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता कमी होते, पण ती वाफ हवेतच राहते. ही दमट हवा बाहेर गेली नाही तर घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय शरीर गार होत नाही.

म्हणून कूलरची पाठ बाहेर, खिडकीत हवी. तो खोलीत मधोमध ठेवला तर तीच दमट हवा पुन्हा पुन्हा फिरते. समोरच्या भिंतीची खिडकी किंवा दार उघडं ठेवा. वाट कूलरच्या तोंडापेक्षा लहान नको. झडपा थोड्या वरच्या बाजूला वळवा. थंड हवा जड असते, ती आपोआप खाली झोपलेल्यांपर्यंत येते, आणि झोत एकट्या लेकराच्या अंगावर रात्रभर बसत नाही.

रात्री दार उघडं ठेवा हे सांगणं सोपं आहे. वस्तीत लेकीबाळी झोपलेल्या असताना ते कुणी ठेवत नाही, आणि बरोबरच आहे. त्यापेक्षा समोरच्या भिंतीत पत्र्याच्या खाली, हाताला येणार नाही इतक्या उंचीवर जाळी बसवा. पत्र्याखाली साठलेली गरम हवाही तिथूनच निघून जाते. छताचा पंखा भर दुपारी तीच गरम हवा खाली ढकलतो. त्या वेळी खाली ठेवलेला टेबल पंखा बरा. मात्र खोलीतली हवा 40 अंशांच्या वर गेली की नुसता पंखा अंग उलट तापवतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा ओल्या फडक्यानं अंग पुसा, सावलीच्या जागी जा. कुणी असंबद्ध बोलू लागलं, अंग भाजल्यासारखं तापलं, तर वाट न पाहता 108 ला फोन करा.

पाणीटंचाईत टाकी रिकामी करणं जिवावर येतं, हे खरं आहे. तरी आठवड्यातून एकदा ती रिकामी करून आतून घासाच. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत. ते पाणी झाडांना घाला. आणि पाणी भरण्याआधी पिन काढा. लोखंडी कूलरचा शॉक जीव घेतो.

रमाई आवासचं घरकुल मंजूर झालं असेल तर हीच वेळ आहे. 269 चौरस फुटांत चुकीला जागा नाही. कर्ती बाई आणि गवंडी यांनी पाया भरतानाच ठरवावं: खिडक्या एकाच भिंतीत नकोत, समोरासमोर हव्यात, आणि वर एक जाळी. भिंत चढल्यावर फोडायला वेगळा खर्च येतो, तो हप्त्यात बसत नाही.

हीच जाळी पौष-माघातही बुजवू नका. ऊसतोडीच्या कोपीत असो की घरात, बंद खोलीत पेटती शेगडी घेऊन झोपलेल्या कुटुंबाला कोळशाच्या विषारी वायूचा वासही येत नाही. शेगडी झोपण्याआधी बाहेर ठेवा, ऊब गोधडीची घ्या.