टाचेचं हाड वाढलंय? आधी सकाळचं पहिलं पाऊल आठवा

ऐकायला वेळ नाही म्हणणाऱ्यांसाठी आजचा भाग लिहून देतेय. विषय टाचदुखी.

मी फिजिओथेरपिस्ट. माझ्याकडे एक २४ वर्षांचा मुलगा आला, पार्सल पोचवायचं काम करणारा. बिनलिफ्टच्या इमारती, दिवसभर जिने. हातात एक्स-रे. "मॅडम, टाचेचं हाड वाढलंय. ऑपरेशन करावं लागेल का? काम सुटलं तर गाडीचा हप्ता कसा भरू?"

मी विचारलं, सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल कसं पडतं?

"खिळा घुसल्यासारखं. थोडं चाललं की मोकळं होतं. जेवून उठलो की परत तेच."

टाचेखाली आतल्या बाजूला अंगठा दाबला, तर तो कळवळलाच. म्हणजे प्लांटर फॅसायटिस. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तळपायात एक जाड पट्टा असतो, धनुष्याच्या दोरीसारखा. पायाची कमान तो धरून ठेवतो. त्याच्या ताकदीपेक्षा जास्त भार रोज पडत राहिला की टाचेकडचं टोक दुखायला लागतं. अचानक वाढलेलं चालणं किंवा धावणं, वाढलेलं वजन, आखडलेल्या पोटऱ्या, झिजलेली चप्पल, यातलं काहीही निमित्त पुरतं.

आणि ते वाढलेलं हाड? टाच कधीच न दुखलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेतही ते दिसतं. हाड तिथेच राहतं आणि दुखणं जातं, असं नेहमी होतं. त्या एका वाक्याने लोक किती घाबरतात, ते मी रोज बघते.

मग करायचं काय? पलंगावरून उतरायच्या आधी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, बोटं नडगीकडे ओढा, १० सेकंद धरा. असं १० वेळा, दिवसातून तीनदा.

पण खरं काम ताकदीचं आहे, आणि तेच सगळे टाळतात. पायरीच्या कडेवर उभे राहा, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी. कठडा धरून ३ सेकंदांत टाचा वर, २ सेकंद थांबा, ३ सेकंदांत खाली. सुरुवातीला दोन्ही पायांवर, जमेल तसं एका पायावर. साधारण १२ वेळा, एक दिवसाआड. करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशीचं पहिलं पाऊल जास्त दुखलं तर मात्र कमी करा. गार बाटलीवर तळपाय फिरवून बरं वाटतं, फिरवा की! पण त्याने पट्टा मजबूत होत नाही. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो, पण वारंवार घेतलं तर पट्टा फाटायचा धोका असतो.

घरात फरशीवर अनवाणी फिरू नका, मऊ चप्पल घाला. ब्रिटन-ऑस्ट्रेलियात पायांसाठी पोडिआट्रिस्ट हा वेगळा व्यवसाय आहे. आपल्याकडे ते कमीच, बरेचसे डायबेटिसच्या पायांच्या क्लिनिकमध्ये. मोजमाप घेऊन बनवलेल्या महागड्या इनसोलआधी तयार मिळणारे, टाचेला आधार देणारे इनसोल वापरून बघा. बहुतेकांना तेवढं पुरतं.

काही वेळा मात्र घरी प्रयोग नकोत. तळपाय बधिर होतो, रात्री झोपेतही दुखतं, टाच दोन्ही बाजूंनी दाबली की कळ येते, सूज किंवा ताप आहे, डायबेटिस आहे, तर आधी डॉक्टर. दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबर अर्धा तास आखडलेली असते? मग संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवाच. तुमच्या वयात हे हमखास राहून जातं.

आणि हो, हे आठ दिवसांत जात नाही. महिने लागतात. त्या मुलाला पहिला फरक जाणवायला सहा आठवडे लागले. काम सोडलं नाही, फक्त जिन्यांच्या इमारती थोड्या दिवसांसाठी मित्राशी बदलून घेतल्या. आता गिऱ्हाईक ओटीपी शोधत असतं तेवढ्यात हा त्यांच्या पायरीवर टाचा वर-खाली करत उभा असतो.