धक्का जातो कोठे?

एसयूव्हीसारख्या मोठ्या मोटारगाडीचे चाक खड्ड्यात आदळते, पण आत बसलेल्यांना धक्का फारसा जाणवत नाही. ही स्प्रिंगची किमया, असे आपण सहज म्हणतो. पण हे उत्तर अर्धेच आहे.

चाक वर उचलले गेले की स्प्रिंग दबते आणि धक्क्याची ऊर्जा साठवते. साठवलेली ऊर्जा ती परत करणारच! म्हणून नुसत्या स्प्रिंगवरची गाडी एका खड्ड्यानंतर बराच वेळ वर-खाली डोलत राहील.

या डोलण्याचा वेग कसा काढावा? गाडीच्या वजनाने स्प्रिंग जितकी दबते, तितक्याच लांबीचा लंबक कल्पावा. त्याचा आवर्तकाल तोच गाडीच्या आंदोलनाचा आवर्तकाल होय. २५ सेंमी. लांबीच्या लंबकाचे एक आंदोलन सुमारे १ सेकंदात होते. दोरा आणि दगड घेऊन पडताळून पाहा. उलट, स्प्रिंग इतकी ताठ असली की वजनाने १ सेंमी.च दबेल, तर सेकंदाला सुमारे ५ कंपने होतील. बसलेल्या माणसाच्या शरीराला सेकंदाला ४ ते ८ ही उभी कंपनेच सर्वांत त्रासदायक वाटतात. म्हणून प्रवासी गाड्यांत ही संख्या साधारणपणे १ ते १.५ च्या आसपास ठेवतात.

आता समजा, रस्त्याला दर १० मीटरवर उंचवटा आहे आणि गाडीचा वेग ताशी ३६ कि.मी., म्हणजे सेकंदाला १० मीटर आहे. गाडीला दर सेकंदाला एक धक्का बसेल. तिची स्वतःची आंदोलनेही सेकंदाला एक असतील, तर तालात ढकललेल्या झोक्याप्रमाणे डोलणे वाढत जाईल. यालाच अनुस्पंदन म्हणतात.

येथे शॉक अ‍ॅब्सॉर्बर मदतीला येतो. त्याच्या नळकांड्यात तेल असते. दट्ट्या सरकताना ते बारीक छिद्रांतून जाते आणि आंदोलनाच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. त्याचे नाव थोडे फसवे आहे; धक्का झेलते ती स्प्रिंग, हा शोषतो ते डोलणे. स्प्रिंगला टांगलेले वजन हवेत आणि मग पाण्यात बुडवून हलवा, फरक लगेच दिसेल.

मग स्प्रिंग अगदी मऊच का ठेवू नये? एसयूव्ही उंच असते, तिचा गुरुत्वमध्यही उंचावर असतो. वळणावर ती बाहेरच्या बाजूस कलते. मऊ स्प्रिंगवर अधिकच. म्हणून डाव्या-उजव्या चाकांच्या जोडणीत एक पोलादी दांडा बसवतात. दोन्ही चाके एकदम उचलली गेली तर तो स्वस्थ असतो. गाडी कलू लागली की पिळला जातो आणि कलण्यास विरोध करतो.

प्रश्न केवळ आरामाचा नाही. चाक उड्या मारू लागले तर टायरची रस्त्यावरील पकड सुटते, आणि घर्षणच नसेल तर ब्रेक तरी काय करणार? उभ्या गाडीचा एक कोपरा जोराने दाबून सोडा. ती वर येऊन चटकन स्थिरावली तर ठीक. डोलतच राहिली, तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर तपासून घ्यायला घरी अवश्य सांगा.