ठेंगणी गाडी, उंच गतिरोधक

"काका, गाडी लो केलीय. रविवारी दाखवायला आणतो," असा शिरूरहून पुतण्याचा फोन आला, तेव्हा मला ऐकू आले ते 'लोन केलंय'. मी लगेच व्याजाचा दर विचारला. तो हसत सुटला. रविवारी दौंडला आमच्या दारात गाडी उभी राहिली, तेव्हा उलगडा झाला. जुनी घेतलेली स्विफ्ट, पण चाके मडगार्डात शिरलेली आणि गाडी अशी जमिनीलगत बसलेली, की आमच्या सौ. म्हणाल्या, "अगंबाई, चारही चाकं पंक्चर झाली की काय?"

पोराचे तोंड एवढेसे झाले. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करून, स्वतःच्या पगारातून घेतलेली ही त्याची पहिली गाडी. म्हणून मी गाडीभोवती एक फेरी मारली आणि "दिसते मात्र झोकात," असे म्हणालो. ते खोटेही नव्हते.

स्प्रिंगांशी माझी जुनी ओळख आहे. दौंड जंक्शनवर रेल्वेच्या डब्यांच्या दुरुस्तीत माझी उमेदीची वर्षे गेली. रेल्वेत डब्याच्या बफरची उंची रुळापासून मोजतात. ब्रॉडगेजवर रिकाम्या डब्याची उंची ११०५ मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि भरलेल्या डब्याची १०३० पेक्षा कमी नको. सारा खेळ ७५ मिलिमीटरांचा! त्यामुळे "किती खाली घेतलीस?" हा माझा पहिला प्रश्न. "दिसायला बरी वाटेल इतकी," हे त्याचे उत्तर. एका गॅरेजात चारही स्प्रिंगांचे वेढे कापून घेतले होते. तासाभराचे काम आणि किरकोळ खर्च.

आता, गाडी खाली बसवण्यात काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. गाडीचा गुरुत्वमध्य खाली आला, की वळणावर ती कमी कलंडते. शर्यतीच्या गाड्या जमिनीला चिकटून धावतात त्या याच कारणाने. पण तिथे स्प्रिंग, शॉकअप आणि चाकांची ठेवण हे सगळे एकत्र बसून ठरवलेले असते आणि रस्ता आरशासारखा असतो. नुसती स्प्रिंग कापली की दोन गोष्टी होतात. एक तर ती आखूड होते. दुसरे, ती कडक होते. आठ वेढ्यांच्या स्प्रिंगचा एक वेढा कापून सात ठेवले, तर कडकपणा सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे चाकाला वर-खाली व्हायला जागा कमी आणि धक्का मात्र जास्त. मोठ्या खड्ड्यात स्प्रिंग पुरती दबते, आतल्या रबरी ठोकळ्यावर गाडी आदळते आणि तो दणका थेट बसणाऱ्याच्या मणक्याला पोचतो. चाके वरच्या बाजूने आत कलतात, टायर आतल्या कडेने झिजतात. आणि गाडी उसळून चाक खाली लोंबले, तर आखूड स्प्रिंग आपल्या बैठकीतून निसटण्याचीही भीती असते.

हे सगळे मी त्याला तेव्हाच सांगितले. त्याने ऐकून घेतले, चहा घेतला आणि तो निघून गेला. तरुण माणसाला काका सांगतो तेव्हा असेच होते.

पुढे महिन्याभराने वहिनी दौंडला आल्या, त्या एसटीने. "गाडी कुठंय?" मी विचारले. "त्याला सुटी नव्हती, भाऊजी." त्यानंतरही त्या एसटीनेच आल्या. तिसऱ्या खेपेला सौं.नी आतल्या खोलीत विचारले, तेव्हा खरे बाहेर आले. वहिनींची कंबर जुनी दुखरी. लेकाच्या गाडीत मागे बसले, की दोन दिवस अंथरुणातून उठवत नाही. "पण त्याला सांगू नका हं. किती हौसेनं घेतलीय त्यानं! आई बसेल म्हणूनच घेतली, म्हणतो." एसटीच्या बाकावर त्या अडीच-तीन तास खुशाल काढत होत्या आणि लेकाला मात्र "मला एसटीची सवय आहे," असे सांगत होत्या.

मी त्याला सांगितले नाही. सांगण्याचे काम रस्त्याने केले.

शिरूरहून न्हावरे, तिथून पारगावला भीमेचा पूल ओलांडून चौफुला, मग सोलापूर रस्त्याने पाटस आणि दौंड, अशी आमची नेहमीची वाट. भीमेच्या या खोऱ्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आक्रसते. तिच्यावरचा रस्ता मग कुठे खचतो, कुठे उचलतो. त्यात हंगामात उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या. अशाच एका संध्याकाळी चौघे मित्र गाडीत असताना, एका वस्तीजवळ ना पट्टा ना फलक अशा गतिरोधकावर गाडीचे पोट घासले आणि चेंबर फुटला. ऑइल रस्त्यावर सांडले. तेलाचा लाल दिवा वेळीच दिसला म्हणून इंजिन वाचले. गाडी ट्रॅक्टरला बांधून आली.

दुसऱ्या दिवशी मी शिरूरला गेलो. रागावलो नाही. टेप मागितली आणि आम्ही दोघे अंगणात मोजायला बसलो. मुळात या गाडीच्या पोटाखाली सुमारे १७० मिलिमीटर मोकळी जागा. कापल्यावर राहिली ११०. शेजारची चार पोरे आत बसवली, तर उरली ८०. मग आम्ही त्या गतिरोधकापाशी गेलो. उंची १५० मिलिमीटर, रुंदी जेमतेम पाऊण मीटर. गणित तिथेच संपले.

वाचकहो, इथे गतिरोधकाचीही बाजू तपासली पाहिजे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांनुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच असावा. ताशी २५ किलोमीटर वेगाने तो सुखाने ओलांडता यावा, अशी त्याची रचना. त्याच्या अलीकडे फलक हवा आणि वर पट्टे हवेत. छोट्या मोटारीच्या पुढच्या-मागच्या चाकांत साधारण २.४ मीटर अंतर असते. अशा रुंद गतिरोधकावर दोन्ही चाके वर चढलेली असताना पोटाखाली उंचवटा येतो तो चार-सव्वाचार सेंटिमीटरच. पुतण्याची भरलेली गाडीही त्यावरून अलगद गेली असती. पण वस्तीवर कोणाचे तरी पोर वाहनाखाली सापडते आणि लोक रातोरात मिळेल त्या मुरमाचा-डांबराचा बांध घालतात. त्यांना तरी नावे कशी ठेवायची?

हा नाद काही एकट्या आमच्या पोराचा नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी गाड्या जमिनीलगत आणून संथपणे मिरवण्याची मोठी परंपरा उभी केली. कायदा आडवा आला तेव्हा, १९५९ मध्ये, रॉन अगिरे नावाच्या तरुणाने आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक यंत्रणा बसवली. बटण दाबले की गाडी खाली, पोलिस दिसला की वर! म्हणजे त्या पंढरीतही गरजेला वर उठण्याची सोय लागलीच.

आपल्याकडे तीही पळवाट नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही. केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली.

पण कायद्याने तो वळला नाही. परतताना त्याने विचारले, "काका, आई एसटीनं का येते?" मी गप्प राहिलो. त्याने गाडी बाजूला घेतली. थोडा वेळ स्टिअरिंगवर बोटे वाजवत बसला. "मला वाटलं, तिला खरंच एसटी आवडते," एवढेच म्हणाला.

पुढच्या आठवड्यात मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगा आणि शॉकअप बसले. चाकांचे अलाइनमेंट झाले. हौसेचे म्हणून चांगले टायर घेतले. वळणावरची पकड त्यांनीही सुधारते आणि कोणाची कंबर दुखत नाही. गाडी पुन्हा चारचौघींसारखी दिसू लागली याचे त्याला थोडे वाईट वाटले, ते मी लपवणार नाही.

संक्रांतीला दोघे गाडीने दौंडला आले. वहिनी पुढच्या सीटवरून उतरल्या, कंबरेवर हात न ठेवता. "कसा झाला प्रवास?" सौं.नी विचारले. "छान. पण एसटीत गप्पा मारायला बायका तरी असतात," वहिनी म्हणाल्या आणि हळूच लेकाकडे बघून हसल्या.

कापलेल्या स्प्रिंगांपैकी एक शिरूरच्या अंगणात आहे. वहिनींनी तिच्यावर तुळशीची कुंडी ठेवली आहे. ओझे तेवढेच, रोजचे आणि न हलणारे. स्प्रिंग झकास टिकली आहे.