मांजरीची नको असलेली गर्भधारणा : औषधोपचार, धोके आणि कायमचा उपाय

पेडणे तालुक्यातील पार्से, तुये, आगरवाडा यांसारख्या गावांत मांजर हा घरचाच घटक समजला जातो. साठवणीच्या भाताचे उंदरांपासून रक्षण करण्याचे काम ती पिढ्यान्‌पिढ्या बजावीत आली आहे. तथापि, वर्षातून दोन-तीन वेळा होणाऱ्या पिल्लांचे करावयाचे काय, हा प्रश्न अनेक कुटुंबांना पडतो. कित्येकदा डोळेही न उघडलेली पिल्ले पोत्यात घालून बाजाराच्या कडेला वा देवळाच्या आवारात सोडली जातात. हे टाळण्यासाठी गर्भ पाडण्याचे एखादे औषध आहे काय, अशी पृच्छा साहजिकच होते. अशी औषधे आहेत. मात्र ती घरच्या घरी देण्याजोगी नाहीत.

प्रजननाची रीत

मांजरी साधारणतः पाच ते नऊ महिन्यांच्या वयात प्रथम माजावर येते. दिवस मोठा असताना तिचा माज वाढतो. गोव्यासारख्या उष्ण प्रदेशात दिवसमानात फारसा फरक पडत नसल्याने ती वर्षाच्या बहुतेक काळात माजावर येऊ शकते. तिचे बीजांड आपोआप सुटत नाही. समागमाच्या उत्तेजनेनंतर एक-दोन दिवसांत ते सुटते. म्हणूनच समागम झाल्यावर गर्भ राहण्याचा संभव फार मोठा असतो. गर्भकाळ सुमारे ६३ ते ६५ दिवसांचा असतो. बीजांडकोशावर तयार होणारा पीतपिंड प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक निर्माण करतो आणि त्याच्या आधारावर गर्भ टिकतो. हा आधार काढून घेणे, हेच गर्भपाताच्या औषधांचे तत्त्व होय.

औषधे व त्यांचे कार्य

आग्लेप्रिस्टोन हे औषध प्रोजेस्टेरॉनला गर्भाशयावर कार्य करू देत नाही. ते २४ तासांच्या अंतराने दोनदा टोचले जाते. गर्भ लहान असल्यास तो आतच विरतो, मोठा असल्यास बाहेर पडतो. हे औषध तुलनेने सुरक्षित मानले जाते, परंतु सर्व ठिकाणी सहज मिळत नाही. कॅबरगोलीन हे प्रोलॅक्टिन या संप्रेरकाची निर्मिती रोखते. गर्भकाळाच्या उत्तरार्धात पीतपिंडाला प्रोलॅक्टिनचा आधार लागत असल्याने त्याचा उपयोग साधारणतः तिसाव्या दिवसानंतर होतो. प्रोस्टाग्लँडिन वर्गातील औषधे पीतपिंड नष्ट करतात आणि गर्भाशय आकुंचित करतात. आरंभीच्या काळात पीतपिंड त्यांना दाद देत नाही. शिवाय त्यांमुळे ओकारी, लाळ गळणे, धाप व जुलाब होतात. गर्भवती स्त्रिया आणि दमेकरी यांनी ही औषधे हाताळू नयेत.

उपचारापूर्वी गर्भ खरोखर आहे काय आणि किती दिवसांचा आहे, हे पाहणे अगत्याचे असते. समागमानंतर गर्भ न राहताही मांजरीच्या शरीरात गर्भारपणासारखे बदल होऊ शकतात. सोनोग्राफीने सुमारे तीन आठवड्यांनी निदान होते. उपचारानंतरही गर्भाशय रिकामे झाल्याची खात्री पुन्हा तपासणीने करून घ्यावी लागते.

हे कदापि करू नये

माणसांसाठी असलेल्या गर्भपाताच्या गोळ्या मांजरीला देऊ नयेत. वेदनेवर माणसे घेतात ती पॅरासिटामॉलची गोळी मांजरीच्या बाबतीत प्राणघातक ठरते. पूर्वी वापरली जाणारी इस्ट्रोजेनची इंजेक्शने अस्थिमज्जेला अपाय करतात व गर्भाशयात पू धरवतात; म्हणून ती आता त्याज्य मानली जातात. माज थांबविण्याच्या गोळ्यांनी राहिलेला गर्भ पडत नाही. उलट गर्भाशयाचा विकार, स्तनांच्या गाठी आणि मधुमेह यांचा धोका संभवतो.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ अन्वये प्राण्यास जाणूनबुजून व विनाकारण अपायकारक औषध देणे हा गुन्हा आहे. उपासमारीने हाल होतील अशा स्थितीत त्याला वाजवी कारणाशिवाय सोडून देणे हाही गुन्हाच आहे.

कायमचा उपाय

औषधाने गर्भ पडला तरी मांजरी काही आठवड्यांतच पुन्हा माजावर येऊ शकते. म्हणजेच खर्च व धोका पत्करूनही प्रश्न जागच्या जागीच राहतो. गर्भाशय व बीजांडकोश काढून टाकण्याची शस्त्रक्रिया हाच खरा उपाय होय. गर्भ असतानाही, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत, ही शस्त्रक्रिया करता येते व त्याबरोबर गर्भही निघून जातो. वयाच्या सुमारे पाचव्या महिन्यात, पहिल्या माजापूर्वी ती केल्यास पुढे स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यताही पुष्कळ कमी होते. पिल्ले झालेली असल्यास ती दूध सोडेपर्यंत थांबावे. मात्र पिल्ले पाजत असतानाही मांजरी पुन्हा गाभण राहू शकते, म्हणून तोवर तिला घरातच ठेवावे. घरच्या बोक्याचे खच्चीकरण करून घेणेही तितकेच हितावह आहे.

मांजरीचा समागम झाल्याचे लक्षात येताच तो दिवस टिपून ठेवावा आणि नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील नोंदणीकृत पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. दिवस जितके कमी, तितका उपाय सोपा. आणि वेळीच केलेली शस्त्रक्रिया पोत्यात बांधून टाकल्या जाणाऱ्या अनेक मुक्या जिवांचे हाल वाचविते.