🔧 *मिग वेल्डिंग : गॅस किती सोडायचा?*



मृग तोंडावर आला की कुळव, पेरणीयंत्र, ट्रॉलीची डागडुजी घरच्या मिग मशीनवर सुरू होते. जोडावर बारीक छिद्रं दिसली की आपण गॅस वाढवतो. चूक इथंच होते.

वितळलेल्या लोखंडाला हवा लागू न देणं, एवढंच गॅसचं काम. फार जोरात सोडला तर तो भोवरे करून बाहेरची हवा आत ओढतो. छिद्रं वाढतात, सिलिंडर लवकर संपतो आणि कच्चा जोड ऐन पेरणीत सुटतो.

✅ *असं सेट करा*
१. वायर दाबणारा रोलर सैल करा, म्हणजे वायर बाहेर येणार नाही.
२. टॉर्च लोखंडापासून लांब धरून खटका दाबा. गॅस वाहत असतानाच मीटर वाचा.
३. शेडमध्ये, वारा नसेल तर मिनिटाला १० ते १२ लिटर. थोडी झुळूक असेल तर १५. २० च्या वर नको.
४. रोलर परत घट्ट करा. नोझलमधले छर्रे काढा आणि आधी भंगार तुकड्यावर जोड मारून बघा.

तरी छिद्रं पडतात? गंज, रंग, ग्रीस घासून काढा. गॅसच्या नळीच्या जोडांना साबणाचं पाणी लावून गळती तपासा.

रानात वारा असेल तर गॅस वाढवू नका, पत्र्याचा आडोसा करा. नाहीतर साधं रॉडचं वेल्डिंग बरं.

⚠️ सिलिंडर उभा, साखळीनं बांधलेला हवा. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, बंद खोलीत साचून जीव गुदमरतो. दार उघडं ठेवा. पंखा मात्र जोडावर नको.

घरी मशीन असलेल्या सभासदांना हा मेसेज जरूर पाठवा. 🙏