भिन्न वंश आणि तरुण मनें

पनवेल तालुक्यांतील बेलपाडा हें पूर्वीं एक लहानसें शेतकरी गांव होतें. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईच्या उभारणींत भोंवतालच्या गांवांप्रमाणें त्याचीहि शेतजमीन शहराच्या पोटांत गेली. आज जवळच खारघरचें रेल्वेस्थानक आहे, मेट्रोच्या मार्गावर बेलपाडा नांवाचेंच एक स्थानक आहे, आणि थोड्याच अंतरावर राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेचें आवार आहे. या संस्थेंत साऱ्या देशांतून मुलें-मुली येतात. परदेशीय विद्यार्थ्यांसहि तेथें प्रवेश असतो. अशा ठिकाणीं एखादा आगरी घरांतील मुलगा आणि नागभूमींतून अगर आफ्रिकेंतून आलेली एखादी मुलगी सायंकाळीं चहाच्या टपरीवर हंसत बोलत बसलेलीं दिसलीं, तर त्यांत नवल तें काय? तरी पण जाणारायेणारा क्षणभर थबकतो, मागें वळून पाहतो, आणि पाहिलेली गोष्ट घरीं जाऊन सांगतो.

हें थबकणें कशामुळें? दोन तरुण एकत्र बसले आहेत, एवढेंच त्याचें कारण नव्हे. त्यांचे चेहरे एकमेकांसारखे नाहींत, हें त्याचें खरें कारण होय. चेहऱ्यावरून माणसाचें अंतरंग ओळखतां येतें, ही समजूत फार जुनी आहे. आणि एके काळीं तिला शास्त्राचाहि आधार असल्याचें सांगण्यांत येत असे.

त्या शास्त्राची परीक्षा एका महाराष्ट्रीय विद्यार्थिनीनेंच पाहिली, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांस ठाऊक आहे. इरावती कर्वे या बर्लिन येथें मानववंशशास्त्राच्या अभ्यासासाठीं गेल्या, तेव्हां त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे होते. आफ्रिकेंतील रेहोबोथ येथील मिश्र वंशाच्या लोकांवर फिशर यांनीं १९१३ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला होता, आणि वंशांची सरमिसळ होऊं नये असें त्यांचें मत होतें. युरोपीय माणसाची तर्कबुद्धि श्रेष्ठ असल्यानें त्याच्या कवटीच्या उजव्या व डाव्या बाजूंत विशिष्ट फरक आढळेल, असा त्यांचा कयास होता. इरावतीबाईंनीं १४९ कवट्या मोजल्या. दोन बाजूंत फरक आढळला खरा. पण त्याचा वंशाशीं कांहीं संबंध दिसेना. ज्याच्या हातीं आपली पदवी, त्याच्याच मताविरुद्ध निष्कर्ष लिहिण्याचें धैर्य त्या परदेशस्थ तरुणीनें दाखविलें, आणि १९३० सालीं पदवी मिळविली. त्याच जर्मनींत १९३५ सालीं ज्यू व जर्मन यांच्यामधील विवाह कायद्यानें गुन्हा ठरला. पुढें १९७२ सालीं रिचर्ड लेवाँटिन यांनीं दाखवून दिलें कीं, माणसामाणसांतील आनुवंशिक फरकांपैकीं सुमारें ८५ टक्के फरक एकाच समाजाच्या आंत आढळतात. शेजाऱ्याशींहि आपला भेद थोडाथोडका नसतो, असा याचा अर्थ.

आपल्या देशांत कायद्यानें ही वाट हळूहळू मोकळी केली. १८७२ च्या विशेष विवाह कायद्याखालीं लग्न करावयाचें, तर आपण हिंदु, मुसलमान, ख्रिस्ती इत्यादि कोणत्याहि धर्माचे नाहीं असें उभयतांस लिहून द्यावें लागे. हरिसिंग गौर यांच्या खटपटीनें १९२३ सालीं हिंदु, बौद्ध, शीख व जैन यांस आपापसांत ही अट राहिली नाहीं. १९५४ च्या कायद्यानें ती सर्वांसाठींच गेली. आज मुलास २१ व मुलीस १८ वर्षें पुरीं असावीं, कोणाचाहि पूर्वीचा जोडीदार विद्यमान नसावा, नातें निषिद्ध नसावें, अशा मोजक्या अटी आहेत. ३० दिवसांची नोटीस लागते व तीन साक्षीदार लागतात. वर्णाची किंवा वंशाची चौकशी नाहीं. आईबापांच्या संमतीचीहि अट नाहीं. अमेरिकेंतील सर्व राज्यांत असे विवाह निर्वेध होण्यास मात्र १९६७ साल उजाडावें लागलें.

परंतु कायदा कचेरींत चालतो. रस्त्यावर दृष्टि चालते. २०१४ सालीं दिल्लींत अरुणाचल प्रदेशांतील एका विद्यार्थ्याच्या केसांची व रूपाची टिंगल झाली, त्यांतून मारहाण झाली आणि तो मरण पावला. त्यानंतर ईशान्येकडील लोकांच्या तक्रारींचा विचार करण्यास सरकारनें बेझबरुआ समिति नेमली. ज्या मुलीस वाटेंत ‘चिनी’ म्हणून हांक मारली जाते, तिच्याबरोबर चालणाऱ्या मुलानें ती हांक थट्टेवारी नेऊं नये. ज्याला अपमान सोसावा लागत नाहीं, त्याला तो लहान वाटतो. आणि अशा स्नेहाला पहिला तडा बहुधा तेथेंच जातो.

स्नेह जुळला म्हणजे तो जन्मभर टिकेलच असें नाहीं. रँग्लर परांजपे यांच्या कन्या शकुंतलाबाई केंब्रिज येथें गणित शिकल्या. त्यांनीं युरा स्लेप्ट्झोफ या रशियन चित्रकाराशीं विवाह केला. १९३८ सालीं कन्या झाली, आणि पुढें लवकरच तो विवाह मोडला. एवढ्यावरून वंशभेदास दोष देणें सोपें आहे. पण एकाच पोटजातींत पत्रिका जुळवून झालेले विवाहहि मोडतात, तेव्हां कोणी पोटजातीस दोष देत नाहीं. येथें ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. आजोबांच्या घराचें दार लेकीस व नातीस उघडें होतें. ती नात म्हणजेच विख्यात दिग्दर्शिका सई परांजपे.

तरुणांनीं म्हणून स्वतःस एवढेंच विचारावें: हें आकर्षण त्या व्यक्तीचें आहे, कीं तिच्या निराळेपणाचें? सुटींत घरीं गेल्यावर तिचें नांव आपण घेऊं शकतों काय? तिच्या भाषेंतले चार शब्द तरी शिकलों काय? उत्तर नकारार्थी येत असेल, तर दुसऱ्याचें मन गुंतविण्यापूर्वीं थांबणें प्रामाणिकपणाचें होईल. वडील मंडळींनीं प्रथम ‘कोणत्या देशाची?’ असें न विचारतां ‘स्वभावानें कशी आहे?’ असें विचारावें. ज्या घरांत हा दुसरा प्रश्न आधीं विचारला जातो, तेथील मुलांस कांहीं लपवावें लागत नाहीं. आणि चूक झाली तर परत यावयास भय वाटत नाहीं.