जुन्या मोटारीस घरच्या घरीं रंग कसा द्यावा

शेतकऱ्याच्या दारांत पूर्वीं बैलगाडी असे, आणि पावसाळा तोंडावर आला म्हणजे तिच्या लांकडास तेल देणें, आंसास वंगण घालणें हीं कामें घरधनी स्वतः करी. त्यासाठीं तो कोणास मजुरी देत नसे. आतां गाडीची जागा जुन्या जीपनें, पिकअपनें किंवा दुसऱ्या हाताच्या मोटारीनें घेतली आहे. परंतु तिच्या रंगाची गोष्ट निघाली कीं शहरांतील कारागिराच्या अंदाजपत्रकाकडे पाहून आपण स्वस्थ बसतों, आणि तोंपर्यंत गंज आपलें काम करीत राहतो. फुलंब्री भागांतील ज्या बंधूंच्या दारीं अशी गाडी आहे, त्यांना हें काम थोड्या खर्चांत आणि स्वतःच्या हातानें कसें उरकतां येईल, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रंग हा शोभेसाठीं असतो ही समजूत प्रथम सोडली पाहिजे. लोखंडाचा पत्रा, हवा आणि पाणी हीं तीन एकत्र आलीं कीं गंज चढतो. रंग हा पत्रा आणि पाणी यांमधील पडदा होय. हा पडदा एका ठिकाणीं फाटला म्हणजे पाणी तेथून आंत शिरतें आणि चांगल्या दिसणाऱ्या रंगाखालून गंज पसरत जातो. शेतकऱ्याच्या गाडीस शहरांतल्या गाडीपेक्षां ही पीडा अधिक. आपण तिच्यांतून युरिया, पोटॅश, शेणखत, ओला मका, मातीनें माखलेलें आलें असें सर्व वाहतों. बहुतेक रासायनिक खतें हे क्षार आहेत. ते हवेंतील ओलावा ओढून घेतात आणि पत्र्याच्या सांध्यांत बसून राहतात. त्यांत म्युरिएट ऑफ पोटॅशमधील क्लोराइड तर समुद्राच्या खाऱ्या हवेप्रमाणेंच लोखंड खातें. म्हणून खताची खेप टाकल्यावर गाडी पाण्यानें आंतून-बाहेरून धुणें ही रंगापेक्षांहि स्वस्त अशी पहिली काळजी आहे.

आधीं परीक्षा

रंगाचा डबा आणण्यापूर्वीं एक दिवस गाडीची परीक्षा करण्यांत घालवावा. पायाखालचें आवरण काढून आंतला पत्रा पाहावा. दारांचा खालचा कांठ, चाकांवरील कमानी, पायरी, बॅटरीखालची जागा आणि सांगाडा या जागा विशेष. जेथें रंगावर फोड आला असेल तेथें पेंचकसाचें टोंक दाबावें. टोंक अडलें तर गंज वरवरचा आहे, तो घासून निघेल. टोंक आंत गेलें तर पत्रा संपला असें समजावें. तेथें कापून नवा तुकडा डाखल्यावांचून गत्यंतर नाहीं. अशा भोंकांत लांबी भरून वर रंग फासणारे पुष्कळ आहेत. परंतु लांबी पाणी शोषते आणि मागून ओल धरून राहते, त्यामुळें पुढच्या पावसाळ्यानंतर तेंच भोंक दुप्पट होऊन उघडें पडतें. सांगाडाच कुजला असेल तर रंगाचा विचार सोडून आधीं जाणत्या वेल्डरास गाडी दाखवावी. भरल्या गाडीचा भार सांगाड्यावर असतो. तेथें रंग म्हणजे जिवाशीं खेळ होय.

जुना रंग कोणत्या जातीचा आहे हेंहि याच वेळीं पाहावें. कापसाचा बोळा थिनरमध्यें भिजवून कोपऱ्यांत घासावा. रंग बोळ्यास लागला तर तो लवकर वाळणाऱ्या, लॅकर जातीचा आहे. सुरकुतून उचलला तर तेलाच्या जातीचा, म्हणजे इनॅमल आहे. कांहींच झालें नाहीं तर कारखान्यांतील भट्टींत भाजलेला किंवा दोन द्रव्यांचा पक्का रंग आहे. लॅकर जातीचा रंग जुन्या इनॅमलवर मारला तर त्यांतील थिनर खालचा थर उचलतो आणि सर्व श्रम फुकट जातात. इनॅमल मात्र बहुतेक प्रत्येक जुन्या थरावर बसतें. लॅकर व दोन द्रव्यांचा रंग यांस फवारणीचें यंत्र लागतें; इनॅमल ब्रशानेंहि देतां येतें. म्हणून घरच्या कामास आम्हीं सिंथेटिक इनॅमलचीच शिफारस करतों.

आपले कारागीर मोटारीच्या रंगास सरसकट 'ड्युको' म्हणतात, त्याचें मूळ येथें सांगण्यासारखें आहे. पूर्वीं मोटारींस तेलाचा रंग ब्रशानें देत, आणि एक गाडी पूर्ण वाळण्यास कित्येक आठवडे लागत. अमेरिकेंत ड्युपाँ कंपनीनें नायट्रोसेल्युलोजचा 'ड्युको' हा झटपट वाळणारा रंग काढला व १९२३ मध्यें तो मोटारींवर प्रथम आला. तेव्हांपासून आठवड्यांचें काम दिवसांवर आलें. म्हणजे ब्रशानें रंगविलेली गाडी ही कांहीं नवलाची गोष्ट नव्हे. आरशासारखी झांक तीस येणार नाहीं. पत्र्याचें रक्षण मात्र ती उत्तम करील, आणि आपलें प्रयोजन तेंच आहे.

हंगाम

आपल्या भागांत या कामास दिवाळीनंतरपासून होळीपर्यंतचा काळ योग्य. पावसाळ्यांत हवेंत ओलावा असतो. आम्हीं एकदां श्रावणांत उघडीप पाहून एका जीपच्या बॉनेटवर लॅकरचा हात दिला. तासाभरांत त्यावर दुधासारखी पांढुरकी छाया आली आणि तो सर्व रंग घासून काढावा लागला. थिनर उडून जातांना पत्रा थंड होतो व हवेंतील पाणी त्यावर उतरतें, हें त्याचें कारण. उन्हाळ्यांत उलट अडचण: पत्रा इतका तापतो कीं रंग पसरण्यापूर्वींच ओढला जातो. हिवाळ्यांतहि सकाळचें दंव वाळून पत्रा कोरडा झाल्यावर, म्हणजे दहाच्या सुमारास, आरंभ करावा आणि दुपारीं तीनपर्यंत हात आटोपावा, म्हणजे संध्याकाळचा गारवा पडण्यापूर्वीं रंग धरतो. शेजारीं मळणी चालू असेल त्या दिवशीं डबा उघडूंच नये.

किती रंग लागेल

हिशोब सोपा आहे. समजा गाडी १३ फूट लांब, साडेपांच फूट रुंद आणि पत्र्याची उंची ४ फूट आहे. दोन बाजू १०४ चौरस फूट, पुढची-मागची मिळून ४४, टप व बॉनेट सुमारें ७२. एकूण २२० चौरस फूट, म्हणजे अदमासें २० चौरस मीटर. कांचा व चाकांच्या जागा यांचा चौथा हिस्सा वजा जातां १५ उरतात. एक लिटर इनॅमल एका हातास सुमारें १० चौरस मीटर पुरतें. तेव्हां दोन हातांस ३ लिटर. फवारणी केल्यास कांहीं रंग हवेंत उडतो, त्यासाठीं लिटर-दीड लिटर अधिक धरावा. अस्तराचा रंग २ लिटर पुरे. याखेरीज टर्पेंटाइन, लांबी, निरनिराळ्या नंबरांचे पॉलिश पेपर, चिकटपट्टी, जुनीं वर्तमानपत्रें आणि दोन चांगले ब्रश. ब्रशांत काटकसर करूं नये. हलक्या ब्रशाचे केस रंगांत अडकून राहतात.

कारागिराच्या बिलांत मोठा भाग घासण्याच्या मजुरीचा असतो, आणि तीच मजुरी आपण वांचवितों. एका वेळीं सर्व गाडी झेपत नसेल तर एका आठवड्यांत एक दार, पुढल्यांत दुसरें, असें करावें. साध्या रंगास हें साधतें. चमकीच्या म्हणजे मेटॅलिक रंगास साधत नाहीं, कारण तुकड्यातुकड्यांची छटा जुळत नाहीं. पांढरा किंवा फिकट रंग घेणें दोन कारणांनीं हिताचें: पत्र्याचे पोचे त्यांत कमी दिसतात आणि गाडी उन्हांत कमी तापते.

खरें काम: घासणें

आपल्या फुलंब्रीवरून जी वाट अजिंठ्यास जाते, त्या अजिंठ्याच्या चित्रकारांनीं खडकावर एकदम रंग लावला नाहीं. प्रथम माती, भुसा व वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि मग चित्र. शतकें लोटलीं तरी तेथें जो रंग टिकला आहे, तो या पायाच्या बळावर. मोटारीसहि हाच न्याय लागू आहे: दहा दिवसांच्या कामांत आठ दिवस तयारीचे व दोन रंगाचे धरावेत.

प्रथम गाडी साबणानें धुवावी आणि पूर्ण वाळूं द्यावी. नंतर टर्पेंटाइनमध्यें भिजविलेल्या स्वच्छ फडक्यानें ग्रीस व जुनें पॉलिश पुसून काढावें. हें घासण्यापूर्वींच केलें पाहिजे. नाहींतर घासतांना तेल पत्र्यांत मुरतें आणि नव्या रंगांत मासोळीच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. दिवे, आरसे, पट्ट्या निघतील तेवढ्या काढाव्या. उरलेल्यांवर कागद व चिकटपट्टी लावावी.

गंजलेल्या जागा तारेच्या ब्रशानें व ८० नंबरच्या कागदानें पांढरें लोखंड दिसेपर्यंत घासाव्या. खांचांत गंज राहिल्यास फॉस्फोरिक आम्लाचें गंजनाशक द्रावण, हातमोजे घालून, डब्यावरील सूचनेप्रमाणें लावावें. उघड्या पत्र्यास हाताचा घामहि गंजवितो, म्हणून त्याच दिवशीं अस्तर चढविलें पाहिजे. सकाळीं घासून उद्यां पाहूं म्हणणारा उद्यां पुन्हां घासतो. सुस्थितींतला जुना रंग सगळा काढण्याचें कारण नाहीं. त्याची चकाकी जाईपर्यंत ३२० नंबरच्या कागदानें तो खरवडला म्हणजे नवा रंग धरतो. जुन्या रंगांत शिसें असण्याचा संभव असतो. यासाठीं तो कोरडा न घासतां पाणी लावून घासावा, धूळ घरांत नेऊं नये आणि मुलांस त्या जागेपासून दूर ठेवावें.

पोचे लांबीनें भरावे. शंभर भाग लांबीस सुमारें दोन भाग हार्डनर पुरतें. अधिक घातल्यास ती हातांतच घट्ट होते. एका वेळीं दोन-तीन मिलिमीटरपेक्षां जाड थर देऊं नये. वाळल्यावर ८० व मग १८० नंबरनें सपाट करावी. पोंचा गेला कीं नाहीं हें डोळ्यांपेक्षां तळहात चांगलें सांगतो.

यावर रेड ऑक्साइडचें अस्तर, पातळ दोन हात. ओल्या रात्रीं किंवा पावसांत नुसत्या अस्तरावर गाडी ठेवूं नये. अस्तर सच्छिद्र असतें व पाणी पितें. तें वाळल्यावर ४०० नंबरच्या कागदानें पाणी लावून हलकें घासावें व पुन्हां पुसावें.

रंगाचा हात

गोठ्याजवळ नव्हे, तर मोकळ्या परंतु सांवलीच्या जागीं गाडी घ्यावी व भोंवतालच्या जमिनीवर पाणी शिंपडावें, म्हणजे धूळ बसते. रंग तळापासून ढवळून मलमलीतून गाळावा आणि ब्रशासाठीं दहांत एक भागापेक्षां अधिक टर्पेंटाइन घालूं नये. आधीं टप, मग बॉनेट, शेवटीं बाजू. रंग आडवा पसरावा व लागलीच ब्रशाच्या टोंकानें एकाच दिशेनें हलका उभा हात फिरवावा. अर्धवट वाळलेल्या जागीं पुन्हां ब्रश नेऊं नये. जाड एक हातापेक्षां पातळ दोन हात चांगले. जाड रंग ओघळतो आणि वरून वाळून आंत ओला राहतो. दोन हातांमध्यें एक पूर्ण दिवस जाऊं द्यावा. चिकटपट्टी रंग कडक होण्यापूर्वीं सोडवावी.

ज्यांच्याकडे कॉम्प्रेसर आहे त्यांनीं टांकींतलें पाणी आधीं सोडावें, बंदूक पत्र्यापासून सहा ते आठ इंच धरावी व प्रत्येक पट्टा मागच्या पट्ट्यावर अर्धा चढवावा. औषध फवारण्याचा पाठीवरील पंप या कामीं निरुपयोगी आहे. त्याचा तुषार रंगास फार जाड पडतो.

धोका

थिनरची वाफ हवेपेक्षां जड असून जमिनीलगत पसरते व दूरच्या ठिणगीनेंहि पेटते. विडी, चूल, विजेची ठिणगी यांपैकीं कांहीं जवळ नसावें. बॅटरी सोडून ठेवावी. दुसरा धोका कमी लोकांस ठाऊक आहे: इनॅमलनें किंवा जवसाच्या तेलानें भिजलेल्या चिंध्यांचा गोळा पडून राहिला तर तो आंतून तापून आपोआप पेट घेऊं शकतो. तो कडब्याच्या गंजीजवळ टाकला तर वर्षाचा चारा एका रात्रींत जाईल. अशा चिंध्या पाण्यांत बुडवाव्या किंवा एकेक पसरून वाळवाव्या. उरलेला थिनर ओढ्यांत वा विहिरीजवळ ओतूं नये.

हार्डनर मिसळून फवारण्याच्या दोन द्रव्यांच्या रंगांत आयसोसायनेट असतें. त्याच्या तुषारानें कायमचा दमा जडतो आणि तोंडावरचें फडकें त्यास अडवीत नाहीं. तो रंग घरीं फवारूं नये.

कायद्याची बाजू

गाडीचा रंग नोंदणीपुस्तकांत लिहिलेला असतो. तोच रंग पुन्हां दिल्यास कांहीं करावें लागत नाहीं. दुसरा द्यावयाचा असल्यास परिवहन कार्यालयांत आधीं विचारून तशी नोंद करून घ्यावी. जीपवाल्यांस लष्करी हिरव्या रंगाची हौस असते. परंतु १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें तो रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठीं राखून ठेवलेला आहे. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनीं संपते व पुढें पांच-पांच वर्षांनीं तपासणी होऊन वाढते. त्या तपासणीच्या आधीं गंजाचा बंदोबस्त केलेला असला म्हणजे ऐन वेळीं धांवपळ होत नाहीं.

शेवटीं एकच सांगणें. गाडी विकावयाची म्हणून कुजका पत्रा लांबीखालीं झांकणें हें काम या लेखाच्या आधारें कोणीं करूं नये. ती गाडी घेणारा बहुधा आपल्यासारखाच एखादा शेतकरी असतो, आणि तिच्यांत त्याचीं मुलेंबाळें बसणार असतात. ज्यास गाडी ठेवावयाची आहे त्यानें या हिवाळ्यांत निदान एक दार घासून पाहावें. पहिलें दार कष्टानें होतें. दुसऱ्यास हात बसतो.